अनागत नागरिक

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 साली संमत झाला, आणि तेव्हापासून या राज्यातील प्रत्येक नगरपालिकेवर असे बंधन आले की तिने आपल्या हद्दीचा विकास आराखडा तयार करावा, तो लोकांपुढे ठेवून मग शासनाकडून मंजूर करून घ्यावा, आणि ठरलेल्या मुदतीत, आताच्या तरतुदीप्रमाणे 20 वर्षांत, निदान एकदा तरी त्याची फेररचना करावी. ही मुदत ठरविणाऱ्यांच्या मनात रस्त्यांची रुंदी, वस्तीची वाढ आणि पाण्याची गरज यांचाच हिशेब असावा. परंतु त्या हिशेबाच्या आड एक असा प्रश्न येऊन बसला आहे की ज्याचे उत्तर नगररचनाकाराच्या दफ्तरात सापडणार नाही. मुंबईचा चालू आराखडा 2014 ते 2034 या कालखंडासाठी आहे. त्याच्या आरंभी जे मूल 10 वर्षांचे होते त्याचे शिक्षण, त्याची पहिली नोकरी, त्याचा संसार, हे सारे त्या नकाशातल्या रंगांनी आखून दिलेल्या जागेतच व्हावयाचे आहे. आणि 2034 साली त्या शहरात जे कोणी राहत असतील त्यांपैकी पुष्कळ जण मसुद्यावर शाई वाळत होती तेव्हा जन्मालाही आले नव्हते, किंवा कुठल्या तरी दूरच्या जिल्ह्यात, मुंबई नावाचे शहर आपल्या नशिबी आहे याची कल्पनाही नसताना, वाढत होते. जे अजून आलेले नाहीत त्यांच्या घरांची, बागांची आणि स्मशानांची जागा ठरविण्याचा अधिकार आज असलेल्यांना कोणी दिला?

व्यवहारात या प्रश्नाला एक ठराविक उत्तर दिले जाते, आणि ते असे की शहर रहिवाशांचे आहे, तेव्हा रहिवाशांना विचारावे. उत्तर प्रामाणिक आहे, आणि ज्या काळी एखाद्या साहेबाच्या टेबलावर अख्ख्या पेठेचे भवितव्य ठरत असे त्या काळाच्या मानाने ते मोठ्या प्रगतीचेही आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केली, पुणे महानगरपालिका 2006 च्या सुमारापासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवीत आली आहे, आणि आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांसाठी मुदत देणे हे तर कायद्यानेच आवश्यक आहे. तरीही अशा हरकतींच्या सुनावणीला ज्याने एकदा हजेरी लावली आहे त्याला ठाऊक असते की तेथे भविष्याविषयी बोलणारा माणूस विरळा. येणारा अर्जदार हातात सिटी सर्व्हेचा उतारा घेऊन येतो, आपल्या मिळकतीवर पडलेले शाळेचे किंवा मैदानाचे आरक्षण शेजारच्या मिळकतीवर ढकलावे अशी विनंती करतो, आणि ते ढकलले गेले की समाधानाने घरी जातो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. आपण त्याला मालक म्हणून बोलावले आणि तो मालक म्हणूनच बोलला. मात्र ज्या शहराची मालकी मोजता येते ते आजचे शहर होय. उद्याच्या शहराचा उतारा कोणत्याच कचेरीत मिळत नाही, आणि म्हणून मालकीच्या भाषेत त्याच्याविषयी काही बोलताच येत नाही.

दुसरी कोणती भाषा आपल्यापाशी आहे काय, याचा शोध घेताना मला धर्मशास्त्रातील पूर्तधर्माचे प्रकरण आठवते. यज्ञयागादी कर्मे ती इष्ट, आणि विहिरी, तळी, देवालये, धर्मशाळा, बागा ही पूर्त, असा तो विभाग आहे. आणि त्यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की इष्टाचा अधिकार द्विजांपुरता राखून ठेवणाऱ्या शास्त्रकारांनी पूर्ताचे दार मात्र शूद्रांना आणि स्त्रियांनाही मोकळे ठेवले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या प्रचंड इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतील जो भेद उलगडून दाखविला आहे, तो नगररचनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. दानात देणारा असतो आणि घेणाराही असतो; एकाचे स्वामित्व संपते तेथे दुसऱ्याचे सुरू होते. उत्सर्गात देणारा आपले स्वामित्व सोडतो, पण ते कोणा एकाच्या हाती ठेवीत नाही. ज्याने तळे खणले तो त्याचा उत्सर्ग सर्व भूतमात्रांसाठी करतो, आणि त्या क्षणापासून त्या पाण्यावर त्याचा म्हणून काही विशेष अधिकार उरत नाही. मग त्याने स्वतः त्या तळ्यात स्नान करावे की नाही, असा प्रश्न शास्त्रकारांनी मोठ्या गांभीर्याने उपस्थित केला आहे, आणि त्याचे उत्तर असे निघाले की खुशाल करावे, कारण भूतमात्रांत तोही एक आहेच. खणणारा आणि वाटेने जाणारा तहानलेला परका, हे दोघेही त्या काठावर सारख्याच नात्याने उभे राहतात.

या कल्पनेत अनागतांना जागा आहे. भूतमात्र म्हणताना त्या संकल्पकर्त्याने आजच्या गावकऱ्यांची यादी केलेली नाही. शंभर वर्षांनी जो येईल त्याचाही समावेश त्या एका शब्दात होऊन गेला आहे. मला असे वाटते की शहराच्या भविष्याचा विचार करावयास बसलेल्या रहिवाशाची खरी भूमिका हीच असावी: त्याने मत द्यावे, वाद घालावा, नकाशा दुरुस्त करावा, पण उत्सर्ग करणाऱ्याच्या वृत्तीने, आपला विशेष हक्क आधी सोडून.

परंतु येथे थांबणे म्हणजे आपल्या परंपरेची खोटी स्तुती करणे होईल, कारण हा विचार सांगणाऱ्या समाजाने तो कसा आचरला याचा दाखला कोकणातील महाड या गावी आहे. 4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात असा ठराव संमत करून घेतला की सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी आणि धर्मशाळा यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या वर्गांनाही करू द्यावा. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून 1924 साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव दफ्तरी दाखल झाला आणि तळे होते तसेच बंद राहिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या प्रतिनिधींसह त्या तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर गावात परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले, आणि ज्या पाण्यावर परधर्मीयांना व गुराढोरांनाही कधी मज्जाव नव्हता ते पाणी पंचगव्याच्या घागरी ओतून ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. पुढे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, 4 ऑगस्ट 1927 रोजी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

या सर्व प्रकरणाकडे आजच्या लोकसहभागाच्या चष्म्यातून पाहिले तर मोठी विचित्र स्थिती दिसते. नगरपालिका ही रहिवाशांची संस्था होती. ठराव रद्द करताना तिने रहिवाशांपैकी बोलक्या, सबळ आणि घरदार असलेल्या वर्गाचे म्हणणे ऐकले. एका अर्थी तो लोकमताचाच विजय होता. तळ्यावर आलेले पुष्कळसे लोक महाडचे नव्हतेच. कोकणातून आणि त्याहीपलीकडून आलेले ते पाहुणे, स्थानिकांच्या दृष्टीने ‘बाहेरचे’. आणि तरीही त्या दिवशी तळ्याचे भवितव्य ज्यांनी बरोबर ओळखले ते हे बाहेरचेच होते. प्रकरण न्यायालयात गेले. तळे खाजगी आहे किंवा निदान अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादी वहिवाट आहे, असे सिद्ध करण्याचा सवर्ण फिर्यादींचा प्रयत्न फसला, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळे नगरपालिकेचे असल्याचे मान्य करून त्यांचे अपील फेटाळले. एक ओंजळ पाणी आणि दहा वर्षे. संविधानसभेत 4 नोव्हेंबर 1948 रोजी खेड्यांच्या गौरवावर बाबासाहेबांनी जी कठोर टीका केली तिच्यामागे ही आठवण नव्हती असे कोण म्हणेल?

म्हणून रहिवाशांना विचारा, असे म्हणणाऱ्याने रहिवासी कोण आणि कोणाच्या वतीने बोलतो आहे हेही विचारले पाहिजे. आज एखाद्या सुखवस्तू उपनगरातील मंडळी आपल्या रस्त्यावर फेरीवाला नको, मागच्या मैदानाशेजारी कामगारांची वसाहत नको, भाडेकरूंची वर्दळ नको, अशा सूचना सुबक टंकलेखन करून पाठवितात, तेव्हा ती मंडळीही लोकसहभागच करीत असतात. त्यांच्या अर्जात आणि महाडच्या जुन्या ठरावबाजीत अंतर आहे, पण ते अंतर त्यांना वाटते तेवढे मोठे नाही.

मग उत्सर्गाची वृत्ती यावी कोठून? केवळ उपदेशाने ती येत नाही. वैदिक परंपरेने तिच्यासाठी ऋणाची कल्पना योजली. माणूस जन्मतःच ऋषींचा, देवांचा आणि पितरांचा ऋणी असतो, आणि शतपथ ब्राह्मणाने त्यात मनुष्यांच्या ऋणाचीही भर घातली आहे. यातील पितृऋणाची रीत फार सूक्ष्म आहे, कारण ज्याचे देणे आहे त्याला ते परत करता येत नाही. ते फिटते पुढच्या पिढीच्या हाती. जर्मन तत्त्वज्ञ कांट याला 1784 सालच्या एका निबंधात हे कोडे पडले होते की आधीच्या पिढ्यांनी कष्टाने इमारत उभारावी आणि तिच्यात राहण्याचे भाग्य मात्र शेवटच्या पिढ्यांना लाभावे, हा निसर्गाचा कसला न्याय. ज्याने पितृऋणाचा विचार केला आहे त्याला हे कोडे इतके अवघड वाटू नये. आपणही कोणीतरी बांधलेल्या इमारतीतच राहत आहोत, तिचे भाडे मूळ मालकाला देता येत नाही म्हणून ते पुढे द्यावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त लोकसंग्रहाचे जे विवेचन केले तेही याच दिशेला जाते: ज्ञानी पुरुषाने फळाची आशा सोडून कर्म करावयाचे ते जग नीट चालावे म्हणून. ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले ते साल 1915. मुंबई इलाख्याचा पहिला नगररचना कायदा झाला तोही त्याच साली. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही, आणि तो जोडण्याचा अट्टहासही मी करणार नाही.

त्या वर्षी आणखी एक गृहस्थ या देशात शहरोशहरी हिंडत होते. पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, जन्माने स्कॉटिश, आणि नगररचनेकडे वळलेले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन हिंदुस्थानला येत असताना एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते घेऊन येणारे जहाज बुडविले. मित्रांनी धावपळ करून दुसरे प्रदर्शन जमविले आणि हा मनुष्य जणू काहीच झाले नाही अशा उत्साहाने कामाला लागला. पुढे 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे अध्यापनही त्यांनी केले, आणि डॉ. गो. स. घुर्ये हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्वाचे काम होळकरांच्या इंदुरात झाले. दरबाराने नगररचनेसाठी बोलाविलेल्या गेडिस यांना शहरात शिरताच आढळले की लोक त्यांच्याकडे संशयाने पाहतात: हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून फिरणारा साहेब म्हणजे घरे पाडणारा, हा अनुभव प्लेगच्या वर्षांनी हिंदुस्थानातील सर्वच शहरांना दिला होता.

त्यावर त्यांनी केलेला उपाय कोणत्याही नगररचनेच्या पाठ्यपुस्तकात बसणारा नाही. त्यांनी महाराजांकडून एका दिवसापुरते दिवाळीच्या उत्सवाचे आधिपत्य मागून घेतले आणि असा पुकारा करविला की या वर्षीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागातील लोक आपली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ व दुरुस्त करतील त्या भागातून ती जाईल. शहरात साफसफाईची एकच धांदल उडाली, गाड्या भरभरून घाण बाहेर गेली, भिंतींना रंग चढला. मिरवणुकीत लक्ष्मी होती, अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि गेडिस यांच्या सांगण्यावरून स्वच्छ पोशाखातले, फुले धारण केलेले भंगीही होते. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई त्या माणसांना त्यांच्या कामाच्या मानाने शहरातून मिरविणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. नंतर 1918 मध्ये इंदूर दरबाराला सादर केलेला त्यांचा दोन खंडांचा अहवाल आजही वाचनीय आहे. जुन्या वस्त्यांवर सरसकट रुंद रस्ते न फिरवता, एखादे मोडके घर काढून, एखाद्या चौकात झाड लावून, जे आहे ते जगवीत शहर सुधारावे, हा त्यांचा आग्रह.

यातील दोष मला दिसत नाहीत असे नाही. आराखडा अखेर साहेबानेच काढला, हुकूम दरबाराचा होता, आणि रयतेने झाडले म्हणून रयतेने ठरविले असे म्हणता येत नाही. तरीदेखील गेडिस यांना एक गोष्ट समजली होती जी आपल्या सुनावणीच्या दालनांना अजून समजलेली नाही. शहराविषयीचे मत हे शहरासाठी केलेल्या कामातून पिकते. हात न लावता दिलेले मत बहुधा आपल्या दारापुरतेच असते. याच मातीतील संत गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, आणि कीर्तन रात्री होई. त्यांनी धर्मशाळा उभारल्या पण त्यांवर स्वतःचे स्वामित्व ठेवले नाही, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. शास्त्रकारांचा उत्सर्ग शब्दशः आचरणारा तो पुरुष निरक्षर होता, हे पंडितांनी विसरू नये.

तरुणांचा प्रश्न या संदर्भातच पाहावयास हवा. त्यांना ‘उद्याचे नागरिक’ म्हणण्याची जी प्रथा आहे तिच्यात गौरवापेक्षा टाळाटाळ अधिक आहे. उद्याचे म्हटले की आज काही देणे लागत नाही. नगरपालिका शाळांतून ‘माझ्या स्वप्नातील शहर’ अशी चित्रस्पर्धा घेते, मुले उडत्या मोटारी आणि हिरवे मनोरे काढतात, महापौरांच्या हस्ते बक्षिसे दिली जातात, आणि चित्रे कोठल्याशा कपाटात जातात. हे विचारणे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचे 12 वे कलम असे सांगते की मुलाशी संबंधित बाबींत त्याला आपले मत मांडता आले पाहिजे आणि त्या मताला त्याच्या वयाच्या व समजुतीच्या मानाने वजन दिले पाहिजे. भारताने ती संहिता 1992 मध्ये स्वीकारली. तथापि मुले भविष्याची मालक आहेत, म्हणून त्यांना विचारा, असे म्हणणेही मला पटत नाही. तसे केले तर मालकीचाच दावा एका पिढीकडून दुसरीकडे सरकतो, आणि आजचा तरुण उद्या आपल्या आरक्षणाचा उतारा घेऊन त्याच रांगेत उभा राहतो. तरुणाचे वैशिष्ट्य निराळे आहे. त्याच्या नावावर अद्याप मिळकत नसते, त्याचे हितसंबंध एका भिंतीला चिकटलेले नसतात, आणि शहरात तो रोज पायी, सायकलवर, लोकलच्या दारात, म्हणजे शहराच्या प्रत्यक्ष अंगाला लागून हिंडत असतो. अनागतांच्या वतीने साक्ष द्यावयास आजच्या माणसांत त्याच्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा नाही.

ही साक्ष किती उपयोगी पडते याचा प्रत्यय मुंबईत आला. चालू आराखड्याच्या पूर्वतयारीत विद्यमान भूवापराचे नकाशे 2012 मध्ये लोकांपुढे आले, तेव्हा त्यांत कोळीवाडे, आदिवासी पाडे आणि झोपडवस्त्या यांची धड नोंद नसल्याची तक्रार ठिकठिकाणांहून झाली. कागदावर जे नाही ते भविष्यात कसे असणार? संस्था, वास्तुरचनेचे विद्यार्थी आणि वस्त्यांमधली तरुण मंडळी यांनी आपापले भाग पायी फिरून चुका दाखविल्या. जाळी विणावयाची जागा, मासळी वाळविण्याचे खळे, होड्या ओढण्याचा काठ हेही भूवापरच होत, हे त्यांना सांगावे लागले. तरीही फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात इतक्या चुका निघाल्या, हरकतींचा असा पूर लोटला, की एप्रिलमध्ये शासनाने तो फेरतपासणीसाठी परत पाठविला. सुधारित मसुदा 2016 मध्ये आला आणि अंतिम मंजुरीला 2018 साल उजाडले. ज्या मुदतीचा आरंभ 2014 मध्ये होता तिची चार वर्षे सहीच्या प्रतीक्षेत सरली. हा विलंब लोकांना विचारल्यामुळे झाला, असे म्हणणारे अधिकारी भेटतात. माझे मत उलट आहे. शहर पायाखाली घालणाऱ्यांना नकाशा काढतानाच सोबत घेतले असते, तर नकाशा निघाल्यावर त्याच्याशी भांडण्याची पाळी आली नसती.

कोळीवाडा नकाशावर आणावयाचा तर त्याची सीमा आखावी लागते; त्या सीमेचाही एक धडा आहे, आणि तो गोड नाही. सीमा आखली की आतले आणि बाहेरचे असा भेद होतो. खळे वाचते, पण आतल्या भाडेकरूचे काय, बिहारहून येऊन होडीवर राबणाऱ्या खलाशाचे काय, याचा उल्लेख सीमा आखणाऱ्याच्या कागदात सहसा नसतो. जो समूह स्वतः नकाशातून पुसला गेला होता त्यानेही आपल्या नकाशातून कोणाला पुसू नये, ही अपेक्षा कठोर आहे. पण उत्सर्गाचा अर्थ एवढा कठोरच आहे.

अनागतांच्या वतीने साक्ष देण्यास कायद्याने आडकाठी केलेली नाही. 1966 च्या अधिनियमातील 28 व्या कलमाप्रमाणे हरकत किंवा सूचना कोणतीही व्यक्ती लेखी देऊ शकते. मालक असावे, मतदार असावे, त्या शहराचा रहिवासी असावे, अशी अट त्यात नाही. म्हणजे नववीतल्या मुलीची सूचना बिल्डरच्या हरकतीइतकीच दफ्तरी घेणे नियोजन प्राधिकरणाला भाग आहे, आणि उद्या शहरात येऊ पाहणाऱ्या, आज बीडमध्ये किंवा नंदुरबारात असलेल्या तरुणालाही तो मार्ग मोकळा आहे. अडचण आहे ती अन्यत्र. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर छापली जाते, नकाशा मुख्य कचेरीत कार्यालयीन वेळेत पाहावयास मिळतो, त्यावरील खुणांचा अर्थ लावण्यास सर्व्हेअर लागतो, आणि नियोजन समितीपुढे सूचना देणाऱ्याला जी मिनिटे मिळतात त्यांत आपले नाव व अर्जाचा क्रमांक सांगून होतो न होतो तोच पुढच्याचा पुकारा होतो. प्रभागाचा नकाशा मुदतीचे सर्व दिवस त्या प्रभागातील प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लावावा, मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत. वरच्या वर्गांतील मुलांनी आपापल्या गल्लीशी तो पडताळून पाहावा. आणि त्यांनी लिहून दिलेल्या प्रत्येक सूचनेला, ती मान्य असो की अमान्य, कारणासह लेखी उत्तर शाळेच्या पत्त्यावर यावे. याला फार खर्च येत नाही. आयुक्तांनी मनावर घेतले तर एका परिपत्रकाने हे काम होईल.